दोनापावलाचा तो पुतळा प्रेमिकांचा नव्हे

गोव्यात दोनापावलाच्या जेटीवर पाहुणे घेऊन गेलं की कोणीतरी सांगतोच, "ही पावला आणि तो तिचा प्रियकर. गावच्या पोराशी लग्न करू देईनात, म्हणून तिनं इथूनच उडी घेतली!" मीही लहानपणी हेच ऐकलं, आणि शेजारच्या काकूंना डोळे पुसताना पाहिलंय.

खरं म्हणजे तो पांढरा पुतळा पावलाचा नाहीच. बॅरोनेस इर्सा फॉन लाइस्टनर या शिल्पकर्तीनं तो 1969 साली घडवला. नाव 'इमेज ऑफ इंडिया'. एक स्त्री, एक पुरुष. नीट बघा, दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. प्रेमिक असे उभे राहतात होय?

आणि दोना पावला? ती सतराव्या शतकातली पोर्तुगीज खानदानातली बाई, रीतसर लग्न झालेली. 1682 साली वारली. उडीबिडीला काही आधार नाही.

तरी गोष्ट मरत नाही. नुसत्या 'भारताची प्रतिमा'पाशी कोण थांबणार? घरच्यांनी मोडलेलं लग्न मात्र प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एखादं असतंच. काकूंना मी हे सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "असेल रे. पण दर्या बघून वाटतं ना!"