दोन लहान की एक मोठा?

मालवणच्या बाजारात सोललेल्या नारळांचे ढीग आकारानुसार लावलेले असतात. समजा, मोठा नारळ 40 रुपयांना आणि लहान 25 ला आहे. घरी वाटणाला खोबरं हवंय, आणि दोन लहान नारळांत मिळून एका मोठ्याइतकं खोबरं निघतं. मग हिशेब सरळ आहे: दोन लहान 50 ला, एक मोठा 40 ला. सगळे मोठेच घ्यायचे.

अर्थशास्त्रात अशा वस्तूंना परिपूर्ण पर्यायी वस्तू म्हणतात. एकीच्या बदल्यात दुसरी किती हवी, हे प्रमाण इथे कधीच बदलत नाही. एरवी ते बदलतं. रोज सुरमई खाणाऱ्याला आणखी एका तुकडीपेक्षा वाटीभर सोलकढी प्यारी वाटू लागते. म्हणून अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी 1881 मध्ये मांडलेली समाधान वक्ररेषा, म्हणजे दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या दाखवणारी रेषा, सहसा आतल्या बाजूला वाकलेली काढतात. परिपूर्ण पर्यायांत मात्र ती चक्क सरळ रेषा होते.

त्याचा परिणाम मोठा मजेशीर आहे. लहान नारळ 25 वरून 21 वर आला तरी आपलं गिऱ्हाईक हलत नाही. 20 ला दोन्ही सारखेच, काहीही उचला. 19 झाला की खरेदी थोडीथोडकी सरकत नाही, सगळीच्या सगळी लहान नारळांकडे जाते. आधीचे पाच रुपये व्यर्थ गेले आणि शेवटच्या एका रुपयाने काम केलं!

आता नारळी पौर्णिमा घ्या. समुद्राला अर्पण करायचा तो एक नारळ. तिथे खोबरं कोण मोजतो? एक लहान बरोबर एक मोठा. प्रमाण दोनास एक होतं, ते एकास एक झालं, आणि 25 चा नारळ एकदम स्वस्त ठरला. (मानाला मोठाच हवा म्हणणारी घरं आहेत, त्यांच्यासाठी हे दोन पर्यायच नव्हेत.) म्हणून एकाच पिशवीत आठ मोठे आणि दोन लहान दिसले, तर गिऱ्हाईक गोंधळलेलं आहे असं समजू नये. त्याच्याकडे दोन वेगळी कामं आहेत. पर्यायीपणा नारळात नसतो, कामात असतो.

पुस्तकी हिशेबात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे खवणाऱ्याचे हात. दोन नारळ फोडून खवायला एकापेक्षा जास्त वेळ लागतो. गणपतीत मोदकांसाठी ढीगभर खोबरं लागतं, तेव्हा विळीवर बसणारी बाई लहान नारळ 19 लाही नको म्हणेल.