ख्रिस्ती इतिहासदृष्टी

ख्रिस्ती इतिहासदृष्टी : इतिहासाला आरंभ आहे आणि शेवटही आहे, या श्रद्धेतून भूतकाळाकडे पाहण्याची रीत. युगांचे चक्र फिरत राहते हा विचार मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेला. इथे मात्र काळ निर्मितीपासून निघतो, ख्रिस्ताच्या जन्माशी वळतो आणि न्यायाच्या दिवसाकडे जातो. इसवी सनाची गणना याच विचारातून आली.

बायबलमध्ये स्मरण ही आज्ञा आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ (इंग्रजीत Deuteronomy) या पुस्तकात इस्राएलांना पुन्हा पुन्हा बजावले जाते की तुम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होता, तेव्हा परक्यावर अन्याय करू नका. यार्देन नदी ओलांडल्यावर इस्राएलांचा पुढारी यहोशवा पात्रातले १२ धोंडे गिलगालला उभे करवतो, ते पुढे मुलांनी ‘हे दगड कसले?’ असे विचारावे म्हणून. वेशीवरच्या वीरगळाला शेंदूर फासून त्याची कथा विसरलेल्या गावांना यातले मर्म लगेच कळेल. बायबलच्याच ‘शास्ते’ या पुस्तकात विस्मरण, दास्य, आक्रोश, सुटका आणि पुन्हा विस्मरण असा फेरा चालतो. चक्र तिथेही आहे, फक्त ते माणसाच्या विसराळूपणाचे.

या दृष्टीतला मोठा धोका म्हणजे प्रत्येक आपत्तीत देवाचा दंड वाचणे. ४१० मध्ये गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी रोम लुटले, तेव्हा जुने देव सोडल्याचे हे फळ, असे लोक म्हणू लागले. त्याला उत्तर म्हणून उत्तर आफ्रिकेतला बिशप व धर्मचिंतक ऑगस्टीन याने ‘देवाचे नगर’ हा २२ भागांचा ग्रंथ लिहिला. कोणतेही साम्राज्य, अगदी ख्रिस्ती झालेले रोमही, देवाचे राज्य नव्हे. देवाच्या नगराची आणि जगाच्या नगराची माणसे शेवटपर्यंत एकमेकांत मिसळलेलीच राहणार, हे त्याचे म्हणणे. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून अधिक अपराधी होती असे वाटते काय, असे येशू विचारतो, स्वतःच नाही म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाच पश्चात्ताप करायला सांगतो. ती पाच वचने मोठमोठ्या ग्रंथांवर भारी पडतात.

मराठीत हा सरळ रेषेतला इतिहास आला तो गमतीने पुराणाच्याच वेषात. इंग्रज जेसुइट (येशूसंघीय) धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. गोव्यातून घाट चढून बेळगाव-खानापूरकडे आलेल्या कुटुंबांचा धर्म याच भूमीतला. त्याच गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड वगळता, इन्क्विझिशनही, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा आरोप ठेवून खटले चालवणारे चर्चचे न्यायालयही, होते. चर्चच्या लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या अन्यायाबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी जाहीर क्षमायाचना केली.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम जोसेफ टेलरने १८२० मध्ये सुरू केले. १९०४ मध्ये ते मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेले. जेसुइटांची सेंट पॉल्स शाळा १८५६ ची, कॅम्पातले सेंट मेरीज चर्च १८६९ चे, कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि दोनच वर्षांत, पलटणीच्या पाठोपाठ, मिशन आले. शाळांनी कित्येकांना शिकवले हे खरे, आणि त्या परक्या राजवटीच्या सावलीत उभ्या राहिल्या हेही खरे. मिशनचे चरित्र लिहिणारे बहुधा पहिलेच सांगतात, टीकाकार दुसरेच. ऑगस्टीनची कसोटी लावायची तर दोन्ही एकाच पानावर यायला हवे.

सीमाभागात स्मरणाचा प्रश्न दर १ नोव्हेंबरला उभा राहतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या तारखेला कन्नड भाषक राज्योत्सव साजरा करतात, तर महाराष्ट्रात जाऊ इच्छिणारे मराठी भाषक काळा दिन पाळतात. कॅथलिक पंचांगात तो सर्व संतांचा सण, आणि २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. त्या दिवशी मराठी, कोकणी आणि कन्नड बोलणारी घरे फुले-मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात.