फॅक्स, शिरोरेषा आणि सतरा बिट

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या सरकारी कार्यालयाचं लेटरहेड बघा. पत्ता, दूरध्वनी, ईमेल आणि त्याच्याच शेजारी फॅक्स क्रमांक, ०२१६२ नाहीतर ०२३३ने सुरू होणारा. परवा एका कॉलेजच्या पोराने विचारलं, “हा नंबर लावला तर उचलतं कोण?” यंत्र जोडलेलं असेल तर यंत्रच उचलतं आणि २१०० हर्ट्झची शिट्टी मारतं. पलीकडेही यंत्रच असेल तर पुढची बोलणी त्या दोघांची.

फॅक्स ही कॉम्प्युटरच्या आधीची, ऐंशीच्या दशकातली गंमत असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने त्याचं पेटंट १८४३ साली घेतलं; बेलच्या टेलिफोनचं पेटंट १८७६चं. १८६५ मध्ये पॅरिस ते ल्याँ अशी चित्रं पाठवणारी सेवाही चालू झाली होती. आपल्या कचेऱ्यांत आलं ते ‘ग्रुप ३’ फॅक्स, १९८०चं आंतरराष्ट्रीय मानक. ते आजही चालतं. चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र आणि आजचं ऑल-इन-वन प्रिंटर एकमेकांशी विनातक्रार बोलतात. फाईल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, हा प्रश्नच तिथे नाही.

आता माझा आवडता भाग. यंत्र कागदाचे आडवे पट्टे वाचतं. एका पट्ट्यात १७२८ ठिपके, प्रत्येक काळा किंवा पांढरा, म्हणजे एकेक बिट (० किंवा १). साध्या दर्जात एका मिलिमीटरला ३.८५ पट्टे, म्हणजे ए-फोर पानाचे साधारण ११४३ पट्टे आणि जवळजवळ वीस लाख ठिपके. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने ते जसेच्या तसे पाठवले तर एका पानाला साडेतीन मिनिटं लागतील. एसटीडीच्या काळात हे कोणाला परवडलं असतं?

म्हणून यंत्र ठिपके पाठवतच नाही, लांबी पाठवतं. इतके पांढरे, मग इतके काळे, पुन्हा इतके पांढरे. त्यातही डेव्हिड हफमनची १९५२ची युक्ती आहे: जी लांबी वारंवार येते तिला छोटा संकेत, क्वचित येते तिला मोठा. अक्षराच्या उभ्या रेघेची जाडी बहुधा दोन-तीन ठिपके भरते, म्हणून दोन काळ्यांना ‘११’ आणि तीन काळ्यांना ‘१०’ असे दोनच बिटचे संकेत. मोठी लांबी ६४च्या पटीतला भाग आणि उरलेली बाकी अशी मोडून पाठवतात. अख्खा कोरा पट्टा म्हणजे १७२८ पांढरे. त्याचा संकेत ०१००११०११ आणि ‘बाकी शून्य’ सांगायला ००११०१०१. एकूण सतरा बिट, वर ओळ संपल्याची बारा बिटची खूण. कागदावरची मोकळी जागा जवळपास फुकटात जाते.

संकेतांचं हे कोष्टक आठ नमुना कागदांवरून बेतलं होतं. त्यांत इंग्रजी पत्र होतं, फ्रेंच मजकूर होता, जपानीही होता, देवनागरी नव्हती. आपली शिरोरेषा तिथे वेगळीच वागते. दहा मिलिमीटर लांबीच्या शब्दाची शिरोरेषा म्हणजे सलग ऐंशी काळे ठिपके. ते ६४ अधिक १६ असे मोडून जातात, दहा-दहा बिटांत. ऐंशीच्या जागी वीस! लांब काळ्या पट्ट्यासाठी न बेतलेल्या कोष्टकातही आपलं निभावतं. शिवाय जुने मराठी फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले की अक्षरांचा काला व्हायचा. फॅक्समध्ये चित्रच जात असल्यामुळे परिपत्रक सही-शिक्क्यासकट, काना-मात्रेसकट पोचायचं.

पान संपलं की पाठवणारं यंत्र पोचल्याची विचारणा करतं आणि समोरचं होकाराचा संकेत देतं. त्यावरून छापली जाणारी चिठ्ठी, म्हणजे तारीख, वेळ, क्रमांक, पानं, ‘ओके’, ही फॅक्सची खरी कमाई. ती जावक प्रतीला टाचली की कारकून मोकळा. ईमेल गेला म्हणजे समोरच्या पेटीत पडलाच असं नाही. ‘स्पॅममध्ये असेल साहेब’ ही सबब फॅक्सला चालत नाही. कायदाही त्याला ओळखतो: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम ९ मध्ये समन्स बजावण्याच्या मार्गांत फॅक्स आणि ईमेल शेजारी-शेजारी बसले आहेत. अर्थात ‘ओके’ने इतकंच कळतं की पानं त्या यंत्रात पोचली. वाचली कोणी, हे नाही.

२१ नोव्हेंबर २०१८ला जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्तींचं सत्तास्थापनेच्या दाव्याचं पत्र राजभवनाच्या फॅक्सने घेतलंच नाही, आणि त्याच दिवशी विधानसभा विसर्जित झाली. तिथे होकार देणारं यंत्रच जागेवर नव्हतं म्हणायचं.

‘फॅक्स हॅक होत नाही’ ही मात्र व्हॉट्सअ‍ॅपी भाबडेपणाची गोष्ट. साध्या फॅक्सला कसलंही कुलूप नसतं, तारेवर कान लावणाऱ्याला पान मिळतं. २०१८ मध्येच चेक पॉइंट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी निव्वळ एक खोडसाळ फॅक्स पाठवून ऑल-इन-वन प्रिंटरमधून आतल्या नेटवर्कमध्ये शिरून दाखवलं. आणि टिकाऊपणाचं म्हणाल, तर सांगलीच्या मार्केट यार्डातल्या जुन्या पेढ्यांना विचारा. रोलच्या कागदावरचा रंग उष्णतेने उमटतो आणि पुढे ऊन, प्लास्टिकचं पाकीट यांनी उडतो. लॅमिनेट कराल तर कागद काळाठिक्कर. म्हणून फॅक्स आला की आधी झेरॉक्स, मग फाईल.

आता गाठ फायबरशी आहे, तिथे दूरध्वनीही इंटरनेटच्या जोडणीवरूनच जातो. आवाज तुकड्यांत पाठवताना कानाला न जाणवणारे बारकावे गाळले जातात, हरवलेला तुकडा अंदाजाने भरला जातो. माणसाला पत्ता लागत नाही. फॅक्सची माहिती मात्र नेमकी लहरींच्या त्या बारकाव्यांतच असते, आणि पान अर्ध्यात तुटतं. १९९८च्या टी.३८ मानकाने यावर उपाय दिला: वाटेतच शिट्ट्यांचे पुन्हा बिट करून पाठवायचे. तुमच्या जोडणीत ती सोय नसेल तर यंत्राचा वेग १४४००वरून ९६००वर आणून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.