रिमोटची भाषा संगणकाला शिकवताना

दोन वर्षांपूर्वी आमच्या आबाजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. डाव्या हाताने रिमोटवरची बारीक बटणं दाबायला गेले की भलतंच चॅनल लागायचं. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. कापूस वेचणीच्या दिवसांत सारं घर वावरात. "कोणाले हाक मारू मी?" हा त्यांचा प्रश्न माझ्या जिवाला लागला. ऑनलाइन अर्ज भरायला घेतलेला जुना संगणक घरात होता. त्याच्याकडूनच सेटटॉप बॉक्स चालवायचं ठरवलं.

पूर्वी केबलची वायर सरळ टीव्हीत जायची. संगणकात ट्यूनर कार्ड बसवलं की चॅनल तोच बदलू शकायचा. केबलच्या डिजिटायझेशनच्या चौथ्या टप्प्यात ग्रामीण भाग आला, त्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती. आता सिग्नल कुलूप लावून येतो आणि ते कुलूप बॉक्समध्येच उघडतं. त्यामुळे संगणकाला बॉक्सशीच बोलावं लागतं, तेही रिमोटच्या भाषेत.

ही भाषा उजेडाची आहे. रिमोटच्या टोकाचा दिवा साधारण ९४० नॅनोमीटरचे अवरक्त किरण फेकतो. आपल्या डोळ्याला सुमारे ७०० नॅनोमीटरपर्यंतच दिसतं. पण मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा, बऱ्याच फोनमध्ये तो दिवा जांभळट लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर समोरच्यात पाहा.

अवरक्त किरण तर सूर्यही ओततो, आणि विदर्भातलं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते सांगायला नको. मग बॉक्स गोंधळत कसा नाही? १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने युजीन पॉली यांचा उजेडावर चालणारा रिमोट आणला, तेव्हा नेमकी हीच अडचण आली: टीव्हीवर ऊन पडलं की चॅनल आपोआप बदलायचं. आजच्या रिमोटचा दिवा म्हणून नुसता पेटत नाही, सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा थरथरतो. बॉक्समधला ग्राहक, म्हणजे किरण टिपणारा भाग, तेवढीच थरथर ओळखतो. ऊन कितीही प्रखर असलं तरी ते असं थरथरत नाही.

आता शब्द. रिमोटसमोर टीएसओपी १७३८ हा तीन पायांचा ग्राहक धरला आणि आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डातून त्याची नोंद संगणकावर घेतली. आमच्या रिमोटची संकेतपद्धत एनईसी नावाची निघाली. आधी ९ मिलिसेकंदांची लांब हाळी, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि त्यानंतर ३२ अंक, प्रत्येक शून्य किंवा एक. प्रत्येक अंकाचा ठोका सारखाच, सुमारे ०.५६ मिलिसेकंदांचा. फरक पुढच्या शांततेत असतो: तेवढीच असली तर शून्य, तिप्पट असली तर एक. म्हणजे सगळा अर्थ ठोक्यांच्या मधल्या जागेत भरलेला! ३२ पैकी पहिले आठ यंत्राचा पत्ता सांगतात, पुढचे आठ त्याचंच उलटं रूप, म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. मग आठ अंकांचं बटण आणि पुन्हा त्याचं उलटं. दोन्ही जुळले नाहीत तर बॉक्स निरोप टाकून देतो. या उलटसुलट मांडणीने प्रत्येक निरोपात सोळा शून्यं आणि सोळा एक येतात, म्हणून कुठलंही बटण दाबा, निरोप सुमारे ६८ मिलिसेकंदांतच संपतो. हे मोजून पाहिलं तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता.

ही थरथर संगणकाने स्वतः का करू नये? तो एकाच वेळी पन्नास कामं करतो. मायक्रोसेकंदाचा नेम त्याला धरता येत नाही. म्हणून तो यूएसबीतून फक्त 'अमुक बटण' एवढं सांगतो, ताल आर्डुइनो धरतो. त्याला २२० ओहमच्या रोधातून अवरक्त एलईडी जोडला आणि बॉक्ससमोर वीतभर अंतरावर चिकटवला. जुना कीबोर्ड आबाजींच्या खाटेशी ठेवला, तीन कळांवर रंगीत पट्ट्या लावल्या. पिवळी म्हणजे बातम्या.

खरी अडचण पुढे आली. रिमोटचं बोलणं एकतर्फी असतं. बॉक्सने ऐकलं की नाही, हे संगणकाला कधीच कळत नाही. चॅनलचं निभतं, कारण 'पुढचं' न सांगता पूर्ण क्रमांकच पाठवता येतो. पण आमच्या बॉक्सला चालू आणि बंद करणारं बटण एकच. लाइट जाऊन आली की आमचा बॉक्स आपणहून सुरू होतो. संगणक मात्र तो बंदच आहे असं धरून 'चालू'चा निरोप पाठवायचा, आणि चालू बॉक्स बंद पडायचा.

त्यावर तोड बॉक्सच्याच तोंडावर होती. बंद असताना तिथे लाल दिवा लागतो, चालू झाला की विझतो. त्या दिव्यावर उजेड ओळखणारा एलडीआर ठेवून वर काळी चिकटपट्टी लावली. आता निरोपाआधी संगणक दिवा पाहतो. लाल असेल तरच 'चालू' पाठवतो, थोडं थांबतो, दिवा विझल्याची खात्री करतो आणि मगच क्रमांक देतो.

काल संध्याकाळी लाइट गेली आणि अर्ध्या तासाने आली. संगणक सुरू झाल्यावर आबाजींनी डाव्या हाताने पिवळी कळ दाबली. मी दारातच होतो. "लागल्या रे बातम्या," ते म्हणाले, आणि कापसाचा भाव येईपर्यंत मला बोलू दिलं नाही.