उवा, खरूज आणि किडके दात: युद्धकाळातल्या ब्रिटनमध्ये शाळेचे दवाखाने कुठून आले

सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं ब्रिटनच्या मोठ्या शहरांतनं माणसं गावाकडं हलवली, तीनचार दिवसांत जवळजवळ १५ लाख, त्यातली निम्म्याहून जास्त शाळकरी पोरं, आईबाप बरोबर नाहीत, खांद्याला गॅस मास्कचा डबा आणि कोटाला नावाची चिठ्ठी. ज्यांच्या घरी ती उतरली त्या बायकांनी लगेच ओरड सुरू केली, डोक्यात उवा आहेत, अंगाला खरूज आहे, रात्री अंथरूण ओलं करतात. पेपरात आणि पार्लमेंटात गाजलं हे सगळं. पण शाळेत डॉक्टर पाठवून मुलं तपासायचा कायदा तिथं तेव्हा तीस वर्षं जुना होता! मग इतक्या वर्षांत तपासलं काय?

तर मूळ बोअर युद्धात आहे. १८९९ ते १९०२ च्या त्या लढाईत भरतीला आलेली कितीतरी गरीब पोरं नापास झाली, कुणाची छाती अरुंद, कुणाचे दात असे की लष्करी बिस्किट चावणार कसं. सरकार हादरलं, कमिटी बसली, १९०४ ला तिचा रिपोर्ट आला, १९०६ ला शाळेत जेवण द्यायची परवानगी देणारा कायदा आणि १९०७ ला तपासणीचा. तपासणी सक्तीची, उपचार नाही, गोची इथंच झाली. डॉक्टर कार्डावर लिहायचा दात किडलेत, टॉन्सिल वाढलेत, घरी चिठ्ठी जायची, पण डॉक्टरची फी कुठून आणायची, मग चिठ्ठी तशीच पडून. पुढच्या तपासणीला तेच पोर, तेच दात.

मार्गारेट मॅकमिलन आणि तिची बहीण रेचेल या समाजसुधारक बायकांना हेच बघवलं नाही, म्हणून त्यांनी आधी लंडनच्या बो भागात आणि मग १९१० ला डेप्टफर्डला मुलांचा दवाखाना काढला. केंब्रिजला १९०७ मध्येच जॉर्ज कनिंगहॅम या डेंटिस्टच्या खटपटीतनं शाळकरी मुलांसाठी दातांचा दवाखाना निघाला होता. सरकारनं उपचाराची सोय करणं बंधनकारक केलं ते १९१८ ला, म्हणजे पहिलं महायुद्ध संपत आल्यावर. मला याचा राग येतो खरं सांगायचं तर, दरवेळी सैनिक कमी पडले की मगच पोरांकडं लक्ष गेलं.

आता १९३९ चं उत्तर. एकतर पोरं हलवली ती उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर लगेच, नर्सनं फणी घेऊन डोकी बघितलेलीच नव्हती. दुसरं, केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञांनी संसर्गजन्य रोगांच्या हॉस्पिटलांत भरती झालेल्या मुलांच्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं की उवांचं प्रमाण शाळेच्या रिपोर्टातल्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे कागदावर सगळं आलबेल आणि डोक्यात लिखा! खरजेवरचं कामही त्यांचंच, शेफिल्डला, युद्धात लढायला नकार दिलेल्या तरुणांनी स्वतःला खरूज लावून घेतली आणि त्यातनं कळलं की ती चादरी-कपड्यांपेक्षा अंगाला अंग लागून पसरते. मग उपचार सोपा झाला, पोराला आंघोळ घालायची आणि मानेपासून तळव्यापर्यंत बेंझिल बेंझोएट नावाचं औषध ब्रशनं फासायचं, ओरखडलेल्या जागी चांगलंच झोंबायचं ते.

घटसर्पाची मोफत लसही युद्धातच सगळीकडे पोचली, त्याआधी दरवर्षी तीनेक हजार पोरं त्यानं मरत.

दातांचं मात्र वेगळंच झालं. डेंटिस्ट लष्करात गेले, जे उरले त्यांच्याकडं रांगा, त्यामुळे भरण्यापेक्षा उपटण्यावरच भर. पोराला खुर्चीत बसवायचं, नाकावर काळा रबरी मास्क, भुलीचा गॅस द्यायचा, शुद्धीवर येईपर्यंत दात बाहेर आणि रक्त थुंकायला पुढं भांडं. आणि तरीही लहान मुलांचे दात युद्धाच्या शेवटी आधीपेक्षा बरे निघाले! १९४० पासून साखर रेशनवर, १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटही, शिवाय शाळेत दूध आणि जेवण घेणारी मुलं कितीतरी वाढलेली.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानं सरकारी खर्चावर चालणाऱ्या सगळ्या शाळांत, हायस्कूलसकट, उपचार फुकट केले. पण १९४८ ला सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा आली, तिथं डेंटिस्टला पैसे जास्त मिळायचे म्हणून शाळेचे बरेच डेंटिस्ट तिकडं गेले, आणि फेब्रुवारी १९५३ ला गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन उठलं तेव्हा शाळेच्या दवाखान्यांत पुरेसे डेंटिस्टच नव्हते.