वैमानिकांचे युद्धकालीन गणवेश (संग्रह)

युद्धकाळात वायुदलात असलेल्या एखाद्या माणसाचाच, अशी ओळख पटलेला गणवेश मिळवून जपण्याचा छंद.

मराठवाड्याचा याच्याशी संबंध हैदराबाद संस्थानामुळे येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. निजामाने ब्रिटिश वायुदलाला विमानांसाठी पैसा दिला आणि तीन स्क्वाड्रनच्या (विमानतुकड्यांच्या) नावांत हैदराबाद आले: पहिल्या महायुद्धात क्रमांक ११०, दुसऱ्यात १५२ आणि २५३. १५२ कडे स्पिटफायर व २५३ कडे हरिकेन ही लढाऊ विमाने होती. १९४० मध्ये दोन्ही ब्रिटनच्या हवाई लढाईत उतरल्या. १५२ पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार (पगडी) आहे. राज्याच्या खजिन्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादचा शेतसाराही पडत होता. इथल्या संग्राहकाने या स्क्वाड्रनच्या माणसांपासून सुरुवात करणे त्यामुळे सर्वांत रास्त.

खरी मेहनत ओळख पटवण्यात आहे. अधिकारी आपला निळसर-करडा लोकरी कोट शिंप्याकडून शिवून घेत. त्याच्या आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी असते, तीवर बहुधा शाईने नाव आणि तारीख. पण आडनाव एकच असलेले अनेक असतात, म्हणून नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नये. अधिकाऱ्यांच्या नेमणुका व बढत्या सेवाक्रमांकासह लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात छापल्या जात. स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बाहीवरच्या पट्ट्या गॅझेटमधल्या हुद्द्याशी जुळल्या पाहिजेत. फ्लाइंग ऑफिसरला एक पट्टी, फ्लाइट लेफ्टनंटला दोन. बढतीनंतर पट्टी बदलली असेल तर जुन्या टाक्यांची भोके कापडात राहतात, आणि छातीवरच्या पदकांच्या फितीखालचे कापड आजूबाजूपेक्षा गडद दिसते. वैमानिकाचा पंखांचा बिल्ला नंतर कुणी लावला असल्यास नव्या दोऱ्याचे टाके अतिनील दिव्याखाली बहुतेक वेळा चमकतात. जुना दोरा चमकत नाही. नाव, क्रमांक, हुद्दा आणि शिलाई या चारही गोष्टी एकाच माणसाकडे बोट दाखवतील तेव्हाच कोट त्याचा म्हणावा. मालकाचे पत्र किंवा त्याच कोटातला फोटो मिळाला, तर शंका उरत नाही.

जपणूक: लोकरीला कसर लागते. कोट मांजरपाटात गुंडाळून सपाट ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये नको. पावसाळा सरला की सावलीत पसरून वारा द्यावा. उन्हात टाकल्यास रंग उडतो. धुऊ मात्र कधीच नये, खिशातली शाई जाते.