कापरेकर क्रिया

कापरेकर क्रिया : चार अंकी संख्येतील अंक एकदा उतरत्या आणि एकदा चढत्या क्रमाने मांडून, मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करण्याची आणि आलेल्या वजाबाकीवर हीच कृती पुन्हा पुन्हा करत राहण्याची रीत. चारही अंक सारखे नसतील, तर कोठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि त्यानंतर तीच येत राहते. म्हणून तिला कापरेकर स्थिरांक असे नाव आहे.

हा गुणधर्म दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना १९४९ मध्ये आढळला. जन्माने ते डहाणूचे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, आणि १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिकवले. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे काम जगभर पोचले. त्यांच्याच जन्मवर्षापासून सुरुवात केली, तर ९५१० − ०१५९ = ९३५१, आणि पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व ६१७४ या संख्या येतात; म्हणजे १९०५ ला पूर्ण ७ पायऱ्या लागतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी विविक्त गणित, म्हणजे सुट्या सुट्या घटकांचे गणित (रोजच्या बोलण्यात ‘डिस्क्रीट मॅथ्स’), शिकावे लागते. संच, संबंध, फलन, मोजणीची तत्त्वे आणि आलेख ही त्यातील प्रकरणे अनेकांना सुटी सुटी वाटतात. ती सगळी एकाच उदाहरणात एकमेकांना धरून उभी असलेली पाहायची असतील, तर देवळालीच्या या शिक्षकाने मांडलेल्या वजाबाकीइतके जवळचे आणि सोपे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

०००० ते ९९९९ या १०,००० संख्यांचा संच घेतला, तर ही क्रिया म्हणजे त्या संचातून त्याच संचात जाणारे फलन (प्रत्येक घटकाला एकच घटक जोडून देणारा नियम) होय. संच सांत (मर्यादित घटकांचा) असल्यामुळे क्रिया चालू ठेवली की केव्हातरी आधी येऊन गेलेली संख्या पुन्हा यावीच लागते. खुराड्यांपेक्षा कबुतरे जास्त असतील, तर एका खुराड्यात निदान दोन कबुतरे येणारच, हे कबुतरखान्याचे तत्त्व येथे लागू पडते. मात्र या तत्त्वातून फक्त एवढेच कळते की प्रत्येक वाट शेवटी एखाद्या चक्रात शिरते. ते चक्र एकाच संख्येचे का, आणि सगळ्यांसाठी तेच का, याचे उत्तर त्यात नाही.

संगणकावर १०,००० संख्या तपासणे हे क्षणाचे काम आहे आणि त्याने विधान सिद्धही होते. पण कारण उलगडते ते कागदावरच. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढी येते, म्हणजे ती केवळ दोन फरकांवर ठरते. पहिल्या फरकाला म आणि दुसऱ्याला न म्हटले, तर म हा १ ते ९ पैकी असतो आणि न हा शून्यापासून म पर्यंत कितीही असू शकतो. म्हणून एकूण जोड्या २ + ३ + … + १० = ५४ होतात. ज्यांची (म, न) ही जोडी एकच, त्या संख्या परस्परांशी संबंधित मानल्या, तर हा सममूल्यता संबंध (संचाचे एकमेकांत न मिसळणारे वर्ग पाडणारा संबंध) ठरतो आणि सारख्या अंकांच्या १० संख्या सोडून उरलेल्या ९,९९० संख्या ५४ वर्गांत वाटल्या जातात. पहिल्याच पायरीला एवढी गळती होते, हे या क्रियेचे मर्म आहे.

पुढे, न शून्य नसेल तर वजाबाकीचे अंक म, न − १, ९ − न आणि १० − म असे असतात; म = ६ व न = २ घेतल्यास ६, १, ७, ४ हेच अंक त्याच क्रमाने मिळतात. म ऐवजी १० − म किंवा न ऐवजी १० − न घेतल्यास अंकांचा गट बदलत नाही, म्हणून अशा वजाबाक्यांत वेगळे गट २५ च निघतात. न शून्य असताना आणखी ५ गट मिळतात. अशा एकूण ३० गटांची तपासणी वहीच्या दोन पानांत होते आणि सिद्धता पूर्ण होते.

प्रत्येक संख्येपासून तिच्या वजाबाकीकडे बाण काढला, तर दिष्ट आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण यांची आकृती) तयार होतो. सारख्या अंकांच्या १० संख्या वगळल्यास उरलेला आलेख ६१७४ हे मूळ असलेल्या वृक्षासारखा दिसतो, आणि मुळापाशी स्वतःकडेच वळणारा एक बाण असतो. एका पायरीत मुळाशी पोचणाऱ्या संख्या ३८३ आहेत, तीन पायऱ्या लागणाऱ्या सर्वाधिक, म्हणजे २,४००, तर सात पायऱ्या लागणाऱ्या २,१८४.

आज्ञावली लिहिताना सर्वांत जपायची बाब डावीकडच्या शून्याची. २१११ − १११२ = ०९९९ ही वजाबाकी ९९९ अशी तीन अंकी धरली, तर पुढच्या पायरीला उत्तर शून्य येते आणि प्रमेयच खोटे वाटू लागते; ०९९९ धरली, तर ९९९० − ०९९९ = ८९९१ अशी वाट बरोबर पुढे जाते. फलनाचा प्रांत, म्हणजे ते ज्या संचावर चालते तो संच, आधी नेमका सांगावा लागतो तो यासाठीच.

अंकांची संख्या बदलली की चित्रही बदलते. तीन अंकांत ४९५ हा एकच स्थिर बिंदू (क्रियेनंतरही तीच राहणारी संख्या) आहे. दोन अंकांत स्थिर बिंदू नसून ०९, ८१, ६३, २७, ४५ असे पाच संख्यांचे चक्र आहे. पाच अंकांतही स्थिर बिंदू नाही. तेथे ५३९५५ आणि ५९९९४ या संख्या एकमेकींकडे बोट दाखवत राहतात. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिर बिंदू आहेत, शिवाय सात संख्यांचे एक चक्रही आहे.